पाळीविषयी पाच मिनिटं

गणपती गेले की आमच्या भागात पाण्याचा आवाज बदलतो. आषाढ-श्रावणात पाणी सगळीकडून बोलत असतं. कौलांवरून, पन्हाळीतून, एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरताना. भाताच्या खाचराला आमच्याकडे बांधी म्हणतात. भाद्रपद उतरणीला लागला की ते गप्प होतं. तलाव काठोकाठ भरलेले असतात, सांडव्यावरून पाण्याचा पातळ पदर सरकत असतो, धान पोटरीला आलेला असतो. दुपारच्या उन्हात सगळं इतकं हिरवं आणि स्तब्ध दिसतं की बाहेरगावचा माणूस गाडी थांबवून फोटो काढतो. मी भरलेला तलाव पाहिला की त्याच्याकडे पाठ करते आणि पाळीची, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाची, खालची बाजू बघते. तिथलं गवत कोरडं आहे का, एखाद्याच ठिकाणी जास्त हिरवं तर नाही ना, हे पाहून झाल्यावरच मला पाण्याकडे बघवतं.

मी आता भंडाऱ्याला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. याच दिवसांत अकरावीला भाषणाचा भाग येतो. मुलं विचारतात, "मॅडम, माहितीपर भाषणात काय घ्यायचं?" मी त्यांना प्रकार सांगते. आवाज नेहमीसारखा ठेवते. पण त्या तासाला माझ्या नाकाला एक वास येतो, शेवाळ आणि ओल्या मातीचा, थोडा लोखंडासारखा. वर्गात कुणालाच तो येत नाही.

मी अकरावीत होते तेव्हा रोज गावाहून साकोलीला एसटीने जायची. हायवेवर ट्रकांची रांग, स्टँडवर चिखल, आणि वर्गात पोचेपर्यंत सलवारीला गुडघ्यापर्यंत शिंतोडे. आम्हाला मराठी शिकवायला गभणे सर होते. बारीक अंगाचे, खडू जपून वापरणारे. त्यांनी एके दिवशी फळ्यावर चार ओळी लिहिल्या. एखाद्या वस्तूची किंवा जागेची माहिती. घडून गेलेल्या घटनेची माहिती. एखादी गोष्ट कशी होते किंवा कशी करतात, त्याची माहिती. आणि एखाद्या कल्पनेची माहिती.

"विषय सगळ्यांना एकच," ते म्हणाले. "आपल्या गावचा तलाव. या जिल्ह्यात तलाव नाही असं कोणी म्हणू नका. प्रकार मात्र तुमचा तुम्ही निवडा. आणि भाषण इथं नाही द्यायचं, आपापल्या गावात, लोकांसमोर द्यायचं."

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, शेवटी आवाहन करायचं का? तलाव वाचवा वगैरे?"

"नाही. माहितीपर भाषणात वक्ता कोणाला काही करायला सांगत नाही. पटवत नाही, आरोप करत नाही, रडत नाही. कळवतो आणि खाली बसतो."

मला ते फार सोपं वाटलं. घटनेचा प्रकार मी तिथेच बसल्याबसल्या निवडून टाकला. आमचा तलाव किती पिढ्यांपूर्वी खोदला, कुणी खोदला, पाळीवर माती टाकायला किती गावांची माणसं आली, याच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या होत्या. गावाला त्या आवडायच्या. टाळ्या नक्की होत्या.

त्यात आणखी एक गोष्ट जुळून आली. माझे बाबा ग्रामपंचायतीत शिपाई होते. नळाचं पाणी सोडणं, दवंडीच्या ऐवजी भोंग्यावरून सूचना देणं, सभेला माइक लावणं ही त्यांची कामं. त्या वर्षी तलावाच्या पाळीवर नवीन काम झालं होतं. वरून फरशी बसवली, सिमेंटचे बाक ठेवले, टोकाला एक लोखंडी कमान उभी करून तिला निळा रंग दिला. तिचं उद्घाटन ठरलं. सरपंच बाबांना म्हणाले, "तुही पोरगी चांगली बोलते म्हणे. पाहुणे येऊन राहिले, पाच मिनटं बोलू दे तिले तलावावर."

बाबा घरी आले ते सायकलवरून उतरायच्या आधीच हाका मारत. त्यांना एवढं खुशीत मी क्वचित पाहिलं आहे. आमच्या घरातलं कुणी गावाच्या स्टेजवर चढलेलं नव्हतं. बाबा स्टेजच्या बाजूला वायरी घेऊन उभे असायचे, वर कधी नाही. आईने त्याच संध्याकाळी माझा पांढरा ड्रेस निळीत घातला.

माहिती गोळा करायला मी देवकाबाईकडे गेले. देवकाबाई ढीवर समाजाची. तिचा नवरा गेल्यावरही ती एकटी डोंगा घेऊन तलावात उतरायची, जाळं टाकायची, उन्हाळ्यात चिखलातून कमळाचे कांदे काढायची. वय सांगता येणार नाही, पण पाठ ताठ होती. या तलावाचं जेवढं तिला ठाऊक होतं तेवढं पंचायतीच्या कोणत्याही कागदात नसेल.

मी म्हटलं, "मावशी, तलाव कसा खोदला ते सांग ना."

ती म्हणाली, "खोदला ते खोदला. ते सांगून काय होते? चाल, तुले एक दाखवतो."

आमच्या बायाही 'दाखवतो', 'जातो' असंच बोलतात. ती मला नव्या फरशीवरून चालवत नेऊन तुडुमापाशी थांबली. तुडूम म्हणजे तलावातून पाटाला पाणी सोडण्याची जुनी वाट. पाळीच्या पोटातून गेलेली, आत दगड आणि सागवानी लाकूड, कुणी पाहिलेलं नाही इतकी जुनी. तिथून आम्ही पाळीच्या खालच्या उतारावरून उतरलो. तळाशी गवत पोपटी होतं, आजूबाजूच्यापेक्षा एक हात उंच. देवकाबाईने ते पायाने बाजूला केलं. खाली बशीएवढी ओल होती आणि तिच्या मधोमध पाणी हळूहळू वर येत होतं. उकळी यायच्या आधी भांड्याच्या तळाशी जसं हलतं तसं.

"हा झिरा जुनाच आहे," ती म्हणाली. "लहान होतो तवापासून पाहून राहिलो. पेलो बी आहो इथचं पाणी. पण ते गोरं पाणी होतं, काचेसारखं. आता पाह्य."

मी वाकून ओंजळ भरली. पाणी फिक्या चहाच्या रंगाचं होतं.

"माह्या मायच्या गावची पाळ अशीच गेली," देवकाबाई म्हणाली. "पहिले गोरं पाणी, मंग चहावानी, मंग दुधाच्या चहावानी. आतून माती घेऊन येते ना ते. पाळ बाहेरून तशीच दिसते. आतून जाऊन राहते."

"कुणाला सांगितलंस का?"

"सांगतलं. सरपंचाले सांगतलं, तो म्हणे आताच तं काम केलं, वरून फरशी आहे. मी म्हटलं, फरशी वरून आहे, पाणी खालून आहे. हासला."

पाळीच्या खाली, तिथून शे-दीडशे पावलांवर, खालची वस्ती होती. अकरा घरं. आमच्या गावातले शेतकरी रतिरामकाका, त्यांच्या भावाचं घर त्यातलं पहिलं. अंगणात कोंबड्या होत्या, दोरीवर लहान मुलाचे कपडे वाळत होते. रतिरामकाकांची स्वतःची बांधी सांडव्याच्या नाल्याला लागून, आणि तिच्यातला धान त्या वर्षी सगळ्या गावात उजवा होता. हे सगळं तिथून एका नजरेत दिसत होतं. पाठीमागे तलाव होता. तो आमच्या डोक्याच्या वर होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. रोज पाळीवरून चालताना पाणी आपल्या पायाशी असतं. खाली उतरून उभं राहिलं की ते आपल्या डोक्यावर असतं, आणि मध्ये फक्त माती असते.

मी रिकाम्या बाटलीत ते पाणी भरून घरी आणलं आणि खिडकीत ठेवलं. सकाळी बघितलं तर तळाशी मातीचा थर बसला होता, नखाच्या जाडीचा. चार दिवसांनी दुसरी बाटली भरली. थर वाढला. त्यानंतर चार दिवसांनी तिसरी. तिच्यात बोटभर माती बसली, आणि वरचं पाणी दुपारपर्यंत निवळलंच नाही. तीन बाटल्या खिडकीत एका रांगेत उभ्या होत्या. आई तांदूळ निवडताना त्यांच्याकडे बघायची आणि मान फिरवायची. पुढे तिने तिथे बसणंच सोडलं.

बाबांनी एकेक बाटली उचलून उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "काय बोलणार हायेस तू त्या दिवशी?"

"पाळ कशी फुटते, ते."

"काहून? तलाव कसा बांधला ते सांग ना बेटा. लोकायले आवडते ते."

"सरांनी प्रकार निवडायला सांगितला आहे."

"मंग तो निवड." त्यांनी चप्पल घालत पाठ केली. "पाहुणे येऊन राहिले. कमानीचं उद्घाटन हाये. त्या दिवशी माही पोरगी उभी राहून पाळ फुटते म्हणन? मी त्याच पंचायतीत झाडू मारतो, समजलं का?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते मला विनवत होते, आणि ते रागापेक्षा जड होतं.

दुसऱ्या दिवशी मी गभणे सरांना गाठलं. सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते म्हणतील, धीट हो. ते डस्टर हातात फिरवत राहिले.

"इतिहास सांगितलास तर ते खोटं होणार नाही," ते म्हणाले. "तोही माहितीचाच प्रकार आहे. गुण पूर्ण मिळतील. 'कशी होते' हा प्रकार घेतलास तर मग एक पथ्य पाळ. 'सरपंचांनी केलं नाही' असं एक वाक्यही नको. 'पळा' असंही नको. तुला दिसलं ते, आणि त्यानंतर काय होत असतं ते. घाबरवायला लागलीस की ते तुझ्याकडे बघतील, पाळीकडे नाही."

आजही मी प्रकार शिकवते तेव्हा हे आठवून थांबते. चारही प्रकार खरे असतात. प्रत्येकात माहितीच असते. आणि तरी माणूस कोणता निवडतो यावर समोरच्या अकरा घरांचं काहीतरी अवलंबून असू शकतं. हे पाठ्यपुस्तकात कुठे लिहिणार?

उद्घाटनाच्या आदल्या दिवशीपर्यंत माझ्या वहीत दोन भाषणं लिहून तयार होती. पांढरा ड्रेस खुंटीवर होता. त्या दिवसांत पाऊस नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. आकाश स्वच्छ, हवा जागच्या जागी, धानाच्या फुलोऱ्याचा कोवळा वास, आणि चतुर पाण्यावर एकाच जागी थरथरत उभे. सगळं गाव या चांगल्या हवेने खूश होतं. मी दिवसातून दोनदा पाळीखाली जाऊन यायची. बशीएवढी ओल आता परातीएवढी झाली होती. पाय ठेवला की जमीन किंचित दबायची आणि परत वर यायची, जणू खाली कुणीतरी श्वास घेतंय.

उद्घाटन सकाळी अकराला होतं. मंडप पाळीवरच, कमानीजवळ. सतरंजीवर बाया, बाकांवर म्हातारे, खुर्च्यांवर पाहुणे. पाहुण्यांमध्ये तालुक्याहून आलेले एक तरुण इंजिनीअर साहेब होते, मागच्या रांगेत, मोबाइलमध्ये मान घालून. नारळ फुटला, फीत कापली, सत्कार झाले. बाबा एका कडेला ॲम्प्लीफायरपाशी उकिडवे बसले होते. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी पिशवीत हात घातला आणि तीन बाटल्या टेबलावर ठेवल्या.

"माझ्या भाषणाचा विषय आपला तलाव आहे," मी म्हटलं. "त्यात मी मातीची पाळ कशी फुटते, याची माहिती सांगणार आहे."

कुणीतरी हसलं. मी सांगत गेले. मातीच्या पाळीतून थोडं पाणी झिरपतं, त्यात वावगं काही नाही. ते पाणी स्वच्छ असेल तर पाळ आपली माती धरून आहे. ते गढूळ झालं, तर पाणी जाताना आतली माती बरोबर नेतं आहे. नेलेल्या मातीच्या जागी आत पोकळी होते. पोकळीतून पाणी जास्त वेगाने जातं, म्हणून जास्त माती नेतं. हे वाढत जातं. बाहेरून काही दिसत नाही. वरून गवत असतं, फरशी असते. शेवटी वरची माती खाली बसते, आणि मग वेळ मिनिटांत मोजावा लागतो. ही पहिली बाटली अमुक दिवशी तुडुमाखालच्या झिऱ्यातून भरली. ही तिच्यानंतर चार दिवसांनी. ही त्यानंतर चार दिवसांनी. तळाशी बसलेली माती आपल्याला दिसते आहे. आज सकाळी ओल परातीएवढी आहे.

दुसऱ्या बाटलीपर्यंत आल्यावर मी सरपंचांचा हात पाहिला. ते बाबांकडे बघून बोटांनी माइक बंद करायची खूण करत होते. एकदा, दोनदा. बाबा वायरींकडे बघत राहिले. त्यांनी एक वायर उचलली, उगाच पुसली, परत खाली ठेवली. मान वर केली नाही. माइक चालू राहिला.

"माझी माहिती संपली," मी म्हटलं आणि खाली बसले.

टाळी वाजली नाही. सतरंजीवर एक लहान मूल रडायला लागलं, तेवढाच आवाज. सरपंच उठले, हसले, म्हणाले, "पोरगी हुशार आहे. पुस्तकातलं चांगलं पाठ केलं."

तेव्हा बायांच्या मागून देवकाबाई उभी राहिली. "पुस्तकात कायले जाता भाऊ? खाली उतरा ना. पन्नास पावलं आहे."

कुणी हललं नाही. मग मागच्या रांगेतल्या इंजिनीअर साहेबांनी मोबाइल खिशात ठेवला आणि एकटेच उतार उतरू लागले. देवकाबाई त्यांच्या पुढे. ते त्या जागेपाशी बसले, बाही वर केली आणि हात झिऱ्यात घातला. कोपरापर्यंत गेला. वर पाळीवर आम्ही सगळे रांगेने उभे राहून खाली बघत होतो, आणि मला अचानक वाटलं की आपण सगळ्यांनी एकदम इथे उभं राहायला नको. साहेब उठले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता. त्यांनी फोन लावला आणि आमच्याकडे बघून ओरडले, "पाळीवरून सगळे बाजूला व्हा. आधी ती पाहुण्यांची गाडी काढा."

त्या दुपारी खालच्या वस्तीतली अकरा घरं गावातल्या शाळेत हलवली. शेळ्या, पेट्या, गाद्या, एक टीव्ही, सगळं डोक्यावरून. तुडुमाला हात लावला तर माती आणखी ओढली जाईल असं साहेबांनी बजावलं, आणि सांडवा फोडून तलावाचं पाणी उतरवायला घेतलं. यंत्र आलं. पाणी सुटलं. नाल्यात ते मावलं नाही. ते काठावरच्या बांध्यांत शिरलं, आणि फुलोऱ्यातला धान पहिल्या तासातच आडवा झाला. रतिरामकाका धुऱ्यावर, बांधीच्या काठावर, उभे होते. ते धावले नाहीत, ओरडले नाहीत. धान पाण्याखाली जाताना शेवटी फक्त शेंडे दिसतात, आणि तेही एका दिशेला झुकून थरथरत असतात. काका ते शेंडे दिसेनासे होईपर्यंत तिथे होते.

चार दिवस गाव पाळीकडे कान लावून होतं. शाळेत अकरा घरांचा एकत्र स्वयंपाक व्हायचा. कुणी ताट आपटलं तरी सगळे दचकायचे. पाणी उतरत गेलं, छातीइतकं, मग त्याहून खाली. झिरा थांबला. पाळ उभी राहिली. तिला एक भेगसुद्धा पडली नाही.

आणि मग आमचे वाईट दिवस सुरू झाले.

पाचव्या दिवशी लोक आपापल्या घरी परतले. नाल्याकाठच्या आठ-दहा बांध्यांमध्ये चिखलाखाली धान सडत होता, त्याचा आंबूस वास गावभर फिरत होता. उरलेल्या गावालाही शेवटचं पाणी मिळालं नाही. भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाला नेमकं दिवाळीच्या आसपास पाणी लागतं, आणि तलावात तेव्हा डबकं उरलं होतं. लोंब्या पोकळ राहिल्या. जी पाळ फुटणार होती ती दिमाखात उभी होती, निळ्या कमानीसकट. लोक तिच्याकडे बघायचे आणि मग आमच्या घराकडे.

बाबांकडून भोंग्याच्या खोलीची किल्ली काढून घेतली गेली. कुणी कारण सांगितलं नाही. ते सकाळी जाऊन आवार झाडायचे आणि दुपारी परत यायचे. मला एका शब्दाने बोलले नाहीत. आईला बायांनी कापणीच्या टोळीत घेतलं नाही. नळावर मी गेले की बोलणं थांबायचं.

एका सकाळी रतिरामकाका आमच्या दारात आले. बाबा घरी नव्हते. ते आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"पोरी, मी भांडाले नाही आलो," ते म्हणाले. "एकच इचारतो. तुह्या भाषणानं माहा धान गेला. पाळ फुटली असती तं मी तुले हात जोडले असते, म्हटलं असतं, माह्या भावाचं घर वाचवलं. पण फुटली नाही. आता मी काय समजू?"

पाणी उतरवलं म्हणून फुटली नाही, हे मी म्हणू शकले असते. ते तेही म्हणू शकले असते की फुटणारच नव्हती. दोघांपैकी कुणाकडे काहीच पुरावा नव्हता. ते वळून गेले. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्या हिवाळ्यातली एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. मी पाळ फुटण्याची वाट पाहत होते. तलावात जेमतेम गुडघाभर पाणी होतं, फुटून कुणाला काही झालं नसतं, असं मी स्वतःला समजवायची. पण ते तेवढंच नव्हतं. एसटीतून उतरल्यावर मी आधी तिकडे बघायची आणि ती तशीच अखंड दिसली की चडफडत घराकडे वळायची. खालच्या वस्तीतली मुलं तिच्या उतारावरून घसरगुंडी खेळायची. मी ते बघायची, आणि तरीही मला ती पडायला हवी होती. आपण खरे ठरावं म्हणून माणूस मनात काय काय होऊ देतो, ते मला वयाच्या सोळाव्या वर्षी कळलं. मुलांना वक्तृत्व शिकवताना ही माहिती मी वगळते.

वैशाखात तलावाचा तळ भेगाळला. कमळाची वाळकी पानं पापडासारखी मोडत होती. तेव्हा दुरुस्तीचं काम निघालं. तेच इंजिनीअर साहेब आले, जेसीबी आली, आणि तुडुमाच्या बाजूने पाळ उकरायला सुरुवात झाली. काम बघायला अर्धं गाव जमलं, बरेचसे हसायला. बाबा पंचायतीच्या वतीने पाण्याचे कॅन घेऊन उभे होते. मी कॉलेजला सुट्टी असल्याने आले होते, लांब उभी होते. देवकाबाई पळसाच्या सावलीत बसली होती.

जेसीबीने वरची फरशी काढली. दोन थर माती काढली. माती चांगली, दाबलेली, कोरडी. "पाहा, दगडासारखी आहे," कुणीतरी मोठ्याने म्हणालं. तिसऱ्या खेपेला बकेट खाली गेली आणि तिला काही लागलंच नाही. ती आत गेली. ड्रायव्हरने यंत्र एकदम मागे घेतलं. उकरलेल्या जागी एक काळं तोंड उघडलं होतं, दाराएवढं रुंद. वैशाखातल्या त्या भर दुपारी त्यातून गार हवा बाहेर आली. ती माझ्यापर्यंत पोचली, इतक्या लांब. तिला शेवाळाचा, कुजलेल्या लाकडाचा, थोडा लोखंडासारखा वास होता.

हसणारे दोन पावलं मागे सरले. बाबांनी तिथे पडलेला एक बांबू उचलला, त्यांच्या दीडपट उंचीचा. ते त्या तोंडापाशी गेले, गुडघ्यावर बसले आणि बांबू आत सारला. सारत गेले. त्यांचा हात खांद्यापर्यंत आत गेला आणि बांबू कशालाच टेकला नाही. तलावाच्या बाजूला मातीचा किती पडदा उरला होता ते साहेबांनी दुसऱ्या अंगाने उकरून पाहिलं. हातभर होता.

"साहेब, फुटली असती का?" सरपंचांनी विचारलं.

"सांगता येत नाही," साहेब म्हणाले. "कदाचित त्याच आठवड्यात गेली असती. कदाचित आणखी दोन-चार पावसाळे काढले असते."

बाबा बांबू धरून बसूनच होते. ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी नजर काढून घेतली नाही. किती महिन्यांनी त्यांनी मला असं बघितलं होतं.

रतिरामकाका गर्दीतून पुढे आले. त्यांनी त्या काळ्या तोंडात वाकून पाहिलं. मग वळून खाली पाहिलं. खाली भावाच्या अंगणात भावाची सून खाटेवर वाळवण पसरत होती आणि तिचं पोर सावलीत झोपलं होतं. काकांनी पुन्हा आत पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. असं तीन-चारदा केलं, जणू मधलं अंतर मोजत होते. मग ते सरळ माझ्याकडे आले. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील, धानाबद्दल किंवा त्या सकाळच्या बोलण्याबद्दल. मी तयार उभी राहिले.

ते हळू आवाजात म्हणाले, "आनखी कोठी असं असन का, पोरी? तुले मालूम असन तं सांग."

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पाळीच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागले, खालच्या अंगाने, जमिनीकडे बघत. देवकाबाई उठून त्यांच्या मागे गेली. मग मीही गेले. आम्ही तिघं पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो, वाकून, गवत बाजूला करत, हाताने माती चाचपत. ऊन मी म्हणत होतं. माती सगळीकडे सारखीच तापलेली होती, सारखीच टणक. उन्हाळ्यात पाळीकडे बघून काहीही कळत नाही.